प्रश्न तुमचे : मालिकांची समीक्षा आणि मृत्युलेख

वृत्तपत्रात आणि पुरवणीत लिहिण्याबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. मराठवाड्यातून आलेली पत्रं दोनच विषयांभोवती फिरत राहिली: टीव्हीवरच्या मालिकांबद्दल लिहिणं आणि गेलेल्या माणसाबद्दल लिहिणं. यात नवल नाही. जिल्हा आवृत्तीत ही दोन्ही कामं बहुतेकदा एकाच टेबलावर येतात. रविवारी टीव्हीचं सदर लिहिणाऱ्यालाच मंगळवारी रात्री नऊला फोन येतो, ‘अमुक नट गेले, साडेदहापर्यंत सहाशे शब्द पाहिजेत.’ सारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत आणि नावं छापलेली नाहीत.

तालुक्याच्या साप्ताहिकात मालिकांवर सदर लिहायला सांगितलंय. मालिका आठवड्यातून सहा दिवस चालते, वर्ष-दोन वर्षं संपत नाही. किती भाग बघून मत द्यायचं? आणि बघताना टिपायचं काय? (अंबाजोगाई)

पहिल्या आठवड्याचे सगळे भाग बघा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. सुरुवातीच्या भागांवर जास्त पैसा आणि जास्त दिवस खर्च झालेले असतात. बाहेरचं चित्रीकरण असतं, जत्रा असते, माणसांची गर्दी असते. पुढं रोज एक भाग पुरा करायची घाई लागली की मालिका घरातल्या बैठकीत येऊन बसते. म्हणून दुसऱ्यांदा पाचव्या-सहाव्या आठवड्यात सलग पाच-सहा भाग बघा आणि तिसऱ्यांदा तीन महिन्यांनी. या तीन वेळच्या नोंदी शेजारी ठेवल्या की लेख अर्धा झालाच.

वहीत चार रकाने आखा: मिनिट, प्रसंग, बोलणारं पात्र आणि ‘नवं काय कळलं’. अर्ध्या तासाच्या वेळेत प्रत्यक्ष मालिका २१-२२ मिनिटांची असते, बाकीचा वेळ जाहिरातींचा. त्यातून शीर्षकगीत, मागच्या भागाची उजळणी आणि उद्याची झलक वजा करा. उरलेल्या मिनिटांत चौथ्या रकान्यात दोनच नोंदी झाल्या असतील तर भाग ताणलेला आहे. पण ‘मालिका रटाळ आहे’ एवढं लिहून भागत नाही, ती कशानं ताणली ते लिहा. एक वाक्य बोललं गेलं आणि कॅमेरा घरातल्या नऊ जणांच्या चेहऱ्यांवरून ढोलाच्या दणक्यासह फिरून आला, हा एक प्रकार. तीच बातमी एका पात्रानं आधी सासूला, मग जावेला, मग शेजारणीला सांगितली, हा दुसरा.

इथं थोडा न्यायही करायला हवा. मालिका बघणारी बाई पोळ्या लाटता लाटता ऐकत असते, मधेच लाइट जाते, दोन भाग हुकतात. तिच्यासाठी केलेली पुनरुक्ती हा या माध्यमाचा धर्म आहे. ओळखायचं कसं, तर दुसऱ्यांदा सांगताना ऐकणाऱ्याचं वागणं बदलतं का ते बघा. बदलत असेल तर तो नवा प्रसंग आहे, नसेल तर नुसती भरती.

श्रेय देताना नावं वाचा. कथा, पटकथा आणि संवाद ही तीन कामं अनेकदा तीन वेगळ्या माणसांची असतात. एखादं वाक्य आवडलं तर ते संवादलेखकाचं. कथेनं घेतलेलं वळण पटलं नाही तर दोष कथा-पटकथेचा, आणि बऱ्याचदा वाहिनीच्या क्रिएटिव्ह टीमचा. सगळं नटाच्या माथी मारणं ही सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त होणारी चूक आहे. मोबाइलच्या ॲपवर बघत असाल तर नावांची पट्टी पळवू नका आणि भाग दीडपट वेगानं मुळीच बघू नका. गतीबद्दल लिहायचं आणि गती स्वतःच बदलून बघायचं, हे कसं चालेल?

सहाशे शब्दांच्या लेखात कथासार शंभर शब्दांच्या वर जाऊ देऊ नका. मालिका बघणाऱ्याला ते माहीत असतं आणि न बघणाऱ्याला नको असतं.

मी एका मालिकेवर कडक लिहिलं. संपादक म्हणाले, ‘टीआरपी तर पहिल्या नंबरावर आहे.’ यावर उत्तर काय द्यावं? (लातूर)

टीआरपी किती लोकांनी किती वेळ बघितलं ते सांगतो, आवडलं का ते सांगत नाही. आपल्याकडे हे मोजमाप ‘बार्क’ ही संस्था २०१५पासून करते. निवडलेल्या घरांत टीव्हीला एक यंत्र जोडलेलं असतं. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, ती हे यंत्र ओळखतं. घरातल्या प्रत्येकानं बघायला बसताना आपापलं बटण दाबायचं असतं. आठवडा शनिवार ते शुक्रवार धरतात आणि आकडे पुढच्या गुरुवारी येतात. अर्ध्या तासाच्या भागातली दहाच मिनिटं बघणारा माणूस हिशेबात तिसऱ्या हिश्श्यानंच धरला जातो.

याचा तुम्हाला उपयोग वेगळा आहे. गुरुवारी आकडा घसरला की पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कथेत काहीतरी घडतं: अपघात, स्मृती जाणं, हरवलेली बहीण, नाहीतर सरळ सात वर्षांची झेप. असं वळण आलं की ते पात्रांच्या स्वभावातून आलंय की बाहेरून ढकललंय, एवढंच तपासा. संपादकांना सांगा, आकडा छापायचा असेल तर लेखाशेजारी चौकटीत छापा, लेखात नको.

मालिकेतली ‘गावाकडची’ भाषा ऐकून आमच्या घरात सगळे हसतात. पण मी याबद्दल लिहिलं तर ‘भाषा चुकीची आहे’ यापलीकडे लेख जात नाही. (नांदेड)

कारण ‘चुकीची’ हा शब्दच लेख थांबवतो. कुठली भाषा, कुठल्या गावची म्हणून दाखवली आणि प्रत्यक्षात कुठली बोलली गेली, हे तिन्ही लिहा. ‘कुटं चाललास रं?’ हे वाक्य खोटं नाही, ते सातारा-कोल्हापूरकडचं आहे. पात्र कंधारचं असेल तर ते ‘कुठं जाऊलालास?’ म्हणेल. ‘काय करलालास’ नांदेड-लातूरकडे, ‘काय करायलास’ बीडकडे, आणि जालन्याच्या बाजूला जाल तसं ‘काय करू राहिला’ ऐकू येतं. ‘का’ऐवजी ‘कामून’ येतं. भाकरी नाही, भाकर. रुमालाला दस्ती. निजामाच्या राज्यात गेलेल्या काळानं इथल्या बोलीत उर्दूची जी भर घातली, ती मालिकांच्या गावात सहसा सापडत नाही. सगळ्या महाराष्ट्राचं मिळून एकच खेडं केलेलं असतं, ‘रं’ आणि ‘गं’ लावलं की झालं.

बोलीइतकंच डोळ्यांनी दिसणारं तपासा, तिथं पुरावा जास्त पक्का मिळतो. घर कसलं आहे? मराठवाड्यातल्या जुन्या घराला माळवद असतं, मातीचं सपाट धाबं. आत शिरताना ढेलज लागते, धान्याला बळद असतं. पडद्यावर उतरती कौलं आणि अंगणात नारळ दिसला तर ते घर परळीचं नाही. महिना कोणता दाखवलाय? मे महिन्यात इथलं काळं रान नांगरून उघडं पडलेलं असतं, ढेकळं तापतात आणि वाडीवर टँकर येतो. त्यात नायिका हिरव्यागार पिकातून पळत असेल तर तारखेसह लिहा. सोयाबीनची काढणी दसऱ्याच्या मागेपुढे होते, कापसाची वेचणी त्याच सुमाराला सुरू होऊन हिवाळाभर चालते. भाग जानेवारीचा असेल आणि शेतात सोयाबीनची गंज रचणं चाललं असेल तर लिहिणाऱ्यानं शेत बघितलेलं नाही.

ऊसतोड कामगारांच्या कथेत ही तपासणी फार कामाला येते. बीडची टोळी दसरा-दिवाळीच्या सुमाराला गाव सोडते, मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, आणि ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हे न कळणारा लेखक नवऱ्याला एकट्यालाच कारखान्यावर पाठवतो आणि बायकोला गावात वाट बघत बसवतो. मग सगळी कथाच लटकी पडते, कारण ज्या कष्टात दोघं एकत्र पिचतात तिथं त्यानं विरह घातलेला असतो. समीक्षेत अशी एक जागा सापडली की बोलीच्या दहा चुका काढायची गरज राहत नाही.

मात्र नटाच्या उच्चारावर ताशेरे ओढण्याआधी आठवून बघा: हातात सकाळी आलेला कागद, दुपारी चित्रीकरण, सेटवर बोली सांगणारं कोणी नाही. हा दोष निर्मात्याच्या काटकसरीचा आहे, तसं नाव घेऊन लिहावं.

लेखासोबत मालिकेतलं चित्र छापायचंय. स्क्रीनशॉट घेतला तर चालतो का? (बीड)

परीक्षणासाठी चालतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये समीक्षा-परीक्षणासाठी रास्त वापराला सूट आहे. चित्र लेखातल्या मुद्द्याचं असावं, एक-दोनच असावीत आणि वाहिनीचं नाव द्यावं. तेच चित्र दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर टाकलं तर ती समीक्षा राहत नाही. वाहिनीकडून प्रसिद्धीसाठी येणारी छायाचित्रं वापरायला सोपी असतात, पण ती नटून-थटून काढलेली असतात. माळवदाऐवजी कौलं दाखवायची असतील तर स्क्रीनशॉटच हवा.

गावातले एक निवृत्त शिक्षक वारले. लोक म्हणाले, तुम्ही लिहिता, तुम्हीच लिहा. मी लिहिलं ते वाचून त्यांच्या मुलीलाच वडील दिसले नाहीत. मृत्युलेख लिहायचा कसा? (हिंगोली)

आधी दोन प्रकार वेगळे करा. निधनवार्ता साठ-सत्तर शब्दांची असते: नाव, गाव, वय, कधी वारले, अंत्यविधी कधी आणि कुठं, पश्चात कोण. मृत्युलेख चारशे ते सहाशे शब्दांचा असतो आणि त्यात माणूस दिसावा लागतो. पहिल्याचं पीठ मळून दुसरा करायला गेलं की ‘मनमिळाऊ, हसतमुख, कर्तव्यदक्ष, परोपकारी’ अशी माळ तयार होते. ही विशेषणं कुणालाही लागतात, म्हणून ती कुणाचीच नसतात. मुलीला वडील दिसले नाहीत ते त्यामुळं.

घरी जाल तेव्हा ‘स्वभाव कसा होता’ असं विचारू नका, उत्तर ‘फार चांगला’ असंच येतं. सकाळी उठून पहिलं काय करायचे? सायकल होती का, किती वर्षं? फळ्यावर अक्षर कसं काढायचे? चिडले की काय म्हणायचे? कुणाशी बोलणं टाकलं होतं? पैसे कुठं लिहून ठेवायचे? अशा प्रश्नांना माणसं नेमकं सांगतात. पहिल्या दिवशी प्रश्न मुलाला विचारू नका, तो पाहुण्यांत आणि लाकडांच्या व्यवस्थेत असतो. पुतण्या, शेजारी, शाळेतला शिपाई, जुना विद्यार्थी यांच्याकडे जा. पत्नीशी बोलायचं तर घरातल्या बाईमाणसाला सोबत घेऊन आणि थोडक्यात.

मग तारखा. यात सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्या टाळता येतात. कागदावर जन्मतारीख १ जून असेल तर सावध व्हा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीनं टाकलेली ती तारीख असते. अर्ध्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी येतो. तेव्हा नुसतं वर्ष छापा. १९४८च्या आधीचे कागद उर्दूत असतील आणि साल फसली, म्हणजे निजामाच्या कारभारातल्या महसुली सनाचं, असेल. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो, एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो. म्हणजे फसली १३४० हे साधारण १९३०-३१. घरातले ‘बाबा नव्वद पार होते’ म्हणतात, ते यावरून पडताळता येतं.

त्याचबरोबर जिल्हे बघा. जालना जिल्हा १९८१चा, लातूर १९८२चा, हिंगोली १९९९चा. तुमचे गुरुजी १९६५ साली ‘हिंगोली जिल्हा परिषदेत’ लागले असं लिहून आलं असेल तर ती परभणी जिल्हा परिषद होती. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ला स्थापन झालं, त्याआधीची पदवी बहुधा हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ला झाला, म्हणून १९८०च्या पदवीपुढं ‘मराठवाडा विद्यापीठ’ हेच बरोबर. शहरांची नावं आजची लिहावीत, पण संस्थेचं त्या काळचं नाव होतं तसंच ठेवावं.

‘हैदराबाद मुक्तिसंग्रामात सहभाग’ ही ओळ पुष्कळ लेखांत येते. जन्म १९४४चा असेल तर ती माणसाची नाही, त्याच्या वडिलांची असणार. मुक्ती १७ सप्टेंबर १९४८ची. सहभाग खरा असेल तर कुठल्या टप्प्यात ते विचारा: १९३८चा सत्याग्रह की १९४७-४८चे सरहद्दीवरचे कॅम्प. कॅम्पचं नाव आणि तिथलं काम घरात बहुधा कुणालातरी माहीत असतं. पोस्टमनगिरी केली, भाकऱ्या पोचवल्या, नाक्यावर पहारा दिला, यातलं जे असेल ते लिहा. ‘सक्रिय सहभाग’ लिहू नका.

सुरुवात जन्मापासून नको. मृत्यूची बातमी पहिल्या एक-दोन वाक्यांत, लगेच माणसाचं सर्वांत ठळक काम, आणि जन्म-शिक्षण तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात. शेवटी ‘त्यांच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली आहे’ हे वाक्य आलंच तर खोडा. त्याच्या आधीचं वाक्य बहुतेक वेळा चांगला शेवट असतं.

आणि बाईवर लिहिताना ‘अमक्यांच्या मातोश्री’ एवढ्यावर थांबू नका. माहेरचं गाव, माहेरचं नाव, हातातलं काम (दूध, खाणावळ, अंगणवाडी, खुरपणीची टोळी) हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

आमच्याकडे एकाच पानावर सगळ्या समाजांच्या निधनवार्ता येतात. प्रत्येक नावामागं ‘कै.’ लावलं तर तक्रार येते. काय लिहावं? (परभणी)

संशय असेल तिथं ‘दिवंगत’ लिहा, ते कुणालाही चालतं. ‘कैलासवासी’ आणि ‘वैकुंठवासी’ हे श्रद्धेचे शब्द आहेत. वारकऱ्याच्या नावाआधी घरचे ‘ह.भ.प.’ आणि ‘वै.’ आग्रहानं सांगतात, ते ठेवावं. बौद्ध कुटुंबात ‘कालकथित’ लिहितात, आणि कार्यक्रम जलदान विधी व पुण्यानुमोदनाचा असतो, तेरवीचा नाही. मुस्लिम घरात ‘मरहूम’, स्त्रीसाठी ‘मरहूमा’. विधी दफनाचा, त्याआधी जनाजाची नमाज कुठल्या मशिदीत आणि कितीला, ही वेळ चुकली तर माणसं पोचू शकत नाहीत, म्हणून ती दोनदा विचारा. लिंगायत समाजात अग्निसंस्कार बहुधा नसतो, दफन असतं, आणि ‘लिंगैक्य’ किंवा ‘शिवैक्य’ म्हणतात. लातूर-नांदेडकडे सवयीनं ‘अंत्यसंस्कार करण्यात आले’ असं छापून मोकळं होतात ते फारसं चूक नाही, ‘अग्निडाग दिला’ मात्र नक्की चूक. नांदेडात शीख कुटुंबाची बातमी असेल तर अंतिम अरदासची वेळ द्यावी. दशक्रियेचा घाट नीट लिहा: पैठण, गंगाखेड की नांदेड. नुसतं ‘गोदाकाठी’ लिहिलं तर पाहुण्यानं कुठं जायचं?

पश्चात परिवाराची यादी फोनवर लिहून घेतली की लगेच उलट वाचून दाखवा. यादीतून मुली राहून जातात, आधी वारलेल्या मुलाची बायको राहून जाते, भाऊ राहून जातो. भांडणं होतात ती यावरूनच, लेखाच्या मजकुरावरून क्वचित.

माणूस चांगला होता, पण पतसंस्था बुडाली त्यात त्याचा हात होता. मृत्युलेखात हे येऊ द्यावं का? (धाराशिव)

सार्वजनिक जीवनातला माणूस असेल आणि गोष्ट नोंदलेली असेल, तर यावं. ठेवीदार तोच पेपर वाचतात. तुम्ही गाळलं तर ते बाकीच्या मजकुरावरही विश्वास ठेवणार नाहीत. मात्र शब्द मोजून. गुन्हा दाखल झाला होता, निकाल लागला नव्हता, तर तेवढंच. ‘म्हणतात की’ बिलकूल नको. खाजगी आयुष्यातलं, दारू, घरातलं भांडण, हे सार्वजनिक कामाला थेट भिडत नसेल तर तुमचा विषय नाही.

‘मेलेल्याची बदनामी होत नाही’ असं बरेच जण सांगतात, ते अर्धंच खरं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६च्या पहिल्या स्पष्टीकरणात मृताचा उल्लेख आहे: तो जिवंत असता तर ज्यानं त्याची अब्रू गेली असती असा आरोप, आणि कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याचा हेतू, हे दोन्ही असतील तर ती बदनामी ठरू शकते. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९मध्येही हेच होतं. म्हणून कागद हातात ठेवा आणि त्या मजकुरात एकही विशेषण वापरू नका.

आत्महत्या असेल तर? शेतकऱ्याची असो की टीव्हीवरच्या नटाची. (जालना)

पद्धत लिहू नका, जागेचं वर्णन नको, चिठ्ठी छापू नका, मथळ्यात तो शब्द नको, आणि एकच कारण ठोकू नका. भारतीय प्रेस परिषदेनं २०१९मध्ये याची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आहेत. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २४नुसार मानसोपचार संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो वा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांनी देता येत नाही. लेखाखाली मदतीचा क्रमांक द्या. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. शेतकऱ्याच्या बाबतीत ‘कर्जाला कंटाळून’ हे तयार वाक्य सगळ्यात आधी सुटतं. कर्ज किती, कुणाचं, कधीचं, पीकविमा मिळाला का, ही वेगळी बातमी आहे आणि ती पूर्ण तपासून वेगळी करावी. मृत्युलेखात त्या माणसाचं शेत आणि घर येऊ द्या.

एखादा नट गेल्याची बातमी रात्री येते आणि तासाभरात लेख द्यावा लागतो. तयारी कशी ठेवायची? (छत्रपती संभाजीनगर)

पहिल्यांदा माणूस खरंच गेलाय का ते बघा. फेसबुकवर फुलांच्या हारातला फोटो आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हा पुरावा नाही, असे शंभर फोटोही पुरावा नाहीत. ते एकमेकांवरून उचललेले असतात. घरातलं माणूस किंवा रुग्णालय, यांपैकी एकाकडून थेट आणि शिवाय दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणाहून दुजोरा मिळाला तरच छापा. ‘मला आत्ताच कळलं’ म्हणणाऱ्या मित्राला ‘कुणाकडून?’ एवढं विचारलं की साखळी उलगडते.

तयारी म्हणजे साठवणीतले लेख. सत्तरी ओलांडलेले, आजारी असलेले, आपल्या भागाशी नातं असलेले वीस-पंचवीस कलावंत, लेखक, कार्यकर्ते निवडा आणि प्रत्येकाची दोन पानं करून ठेवा. वर्षातून एकदा उघडून नवीन काम भरा. फाइलच्या नावात तारीख घाला आणि ती पान लावायच्या यंत्रावर ठेवू नका. चुकून सुटलेला लेख परत घेता येत नाही.

टीव्हीवरच्या माणसाची कामं लिहिताना वाहिन्यांची नावं घात करतात. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, तेव्हा ‘१९७०मध्ये दूरदर्शनवर पदार्पण’ असेल तर ते दिल्लीत किंवा कल्पनेत. ‘अल्फा मराठी’ १९९९ची, तिची झी मराठी २००५मध्ये झाली. ‘ई टीव्ही मराठी’ २०००ची, २०१५मध्ये कलर्स मराठी. म्हणजे २००३ साली कुणी ‘कलर्स मराठी’वर काम केलेलं नाही. विकिपीडियावरची कामांची यादी जशीच्या तशी उतरवू नका, ती चाहत्यांनी भरलेली असते आणि तीत कधी न झालेले प्रयोगही असतात.

नुसती यादी देणं हा या प्रकारातला मोठा आळस. तीस मालिकांची नावं देण्यापेक्षा दोन भूमिका घ्या आणि नट त्यांत काय करत होता ते दाखवा. इथल्याच लक्ष्मण देशपांडे यांचं उदाहरण घ्या. २००९मध्ये ते गेले. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्यानं ५२ पात्रं उभी केली, हा आकडा त्यांच्यावरच्या कुठल्याही लेखात सापडेल. पण एक शेला खांद्यावरून डोक्यावर गेला की बाई कशी तयार व्हायची, बसणं-वाकणं बदललं की वय कसं बदलायचं, हे लिहिणारे थोडे. विद्यापीठात ते नाट्यशास्त्र शिकवत होते हेही मागं पडतं. टीव्हीच्या सदरासाठी भरलेली तुमची जुनी वही इथं उपयोगी पडते: अमक्या भागात, अमक्या मिनिटाला, या नटानं वाक्य न बोलता ताट कसं सरकवलं, हे तुमच्याजवळ आधीच लिहिलेलं असेल तर रात्री साडेनऊला विशेषणं शोधत बसावं लागत नाही.

छापून आल्यावर चूक निघाली तर? (सेलू)

दुसऱ्या दिवशी, त्याच पानावर, त्याच जागी दुरुस्ती द्या आणि बरोबर काय ते सांगा. चुकीचं वाक्य पुन्हा छापत बसू नका. ई-पेपरची आणि वेबसाइटची प्रतही बदला, कारण पुढच्या वर्षी पुण्यतिथीला कुणीतरी तीच उचलतं. वय, नातं, हुद्दा यांची दुरुस्ती कुटुंबाकडून पुन्हा वाचून घेऊनच सोडा. दुरुस्तीत चूक झाली की घरचे फोन उचलत नाहीत.

फोटोची चूक मात्र दुरुस्तीनं निघत नाही. एका तालुक्यात एकाच नावाचे तीन जण असतात, आणि जिवंत माणसाचा फोटो हारासह छापला गेला की त्याच्या घरी सकाळी पाहुणे जमतात. फोटो कुटुंबातल्या माणसाच्याच नंबरवरून मागवा, ग्रुपवरचा घेऊ नका. आला की त्याच नंबरवर परत पाठवून ‘हेच का?’ विचारा, आणि ‘हो’ आल्यावरच पानावर लावा.